धुऱ्यावरचे झाड

(नभोवाणीवरील भाषण)

आसिफाबादेहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वांकिडी हे गाव लागते. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा व किनवट हे तालुके मराठी मुलखात आले. वांकिडी मात्र तेलुगू राज्यात राहिली. आज ती तेलंगणाच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. सरहद्द कागदावर आहे, शेतात ती दिसत नाही. अलीकडे आणि पलीकडे तीच काळी जमीन, तीच कपाशी, पावसावर तोच भरवसा. आणि बाजारात मराठी, तेलुगू व गोंडी या तिन्ही भाषा कानी पडतात. दोन्हीकडचे पाणीही अखेर प्राणहितेलाच जाऊन मिळते.

या भागात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुरा ही केवळ हद्दीची खूण नव्हे. त्यावर मोह, पळस, टेंभुर्णी, बिबा, आंबा अशी झाडे असत आणि त्यांच्या बुडाशी गवत. गवत पावसाच्या पाण्याला थोपवी, मुळे माती धरून ठेवीत, फांद्यांवर बसणारी पाखरे पिकावरल्या अळ्या टिपीत. मोहाची फुले व टोळीचे तेल उन्हाळ्यात घराला हात देत, पळसाच्या पानांच्या पत्रावळी होत. म्हणजे धुरा हे शेताच्या कडेला राखलेले एक लहानसे रानच होते.

कपाशी हेच मुख्य पीक झाले, नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, आणि धुरा दरवर्षी वीतभर अरुंद होत गेला. सावलीत कपाशी नीट येत नाही, म्हणून झाडे गेली. आडवे येते म्हणून गवत गेले. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर वरची सुपीक माती ओढ्याला लागते आणि उन्हाळ्यात विहिरी लवकर तळ दाखवितात, त्याचे एक मोठे कारण या उघड्या बांधांत आहे.

हे शेतकऱ्याच्या अज्ञानामुळे झाले, असे म्हणणे सोपे आहे. पण ते न्यायाचे नाही. मोहाचे मोल त्याला कोणी शिकवावयास नको. त्याचा हिशेब निराळा आहे. तीन-चार एकरांच्या धन्याने धुऱ्यावर झाड राखले, तर कपाशीच्या दोन तासांचे नुकसान याच वर्षी त्याच्या पदरी पडते. झाडाची सावली एकाच्या पिकावर पडते, त्याने मुरविलेले पाणी मात्र साऱ्या गावाच्या विहिरींत उतरते. लाभ सर्वांचा आणि तोटा एकट्याचा, अशी ही वाटणी आहे. तेलंगणात २०२५ च्या जानेवारीपासून शेतकऱ्यास एकरी वर्षाला १२,००० रुपये साह्य देण्याची योजना सुरू झाली. गरजू माणसाला ते मोठेच साह्य होय. परंतु ते पिकासाठी आहे. धुरा उघडा ठेवणारा आणि धुरा राखणारा यांत ते भेद करीत नाही.

दुसरे कारण भीतीचे आहे. शेतात आपोआप उगवलेला साग मोठा झाला, तरी तो तोडण्यास व वाहून नेण्यास परवाना लागतो. मग शेतकरी विचार करतो, की ज्याचे मोल आपल्या हाती येईल की नाही याची शाश्वती नाही, ते रोपटे कोवळे असतानाच उपटलेले बरे. वनजमीन कसणाऱ्या आदिवासींची चिंता याहून जुनी आहे. ३० जून २०२३ रोजी आसिफाबाद येथूनच अशा जमिनींचे पट्टे वाटण्यास आरंभ झाला. पुढे ३० मे २०२५ रोजी कवाल व ताडोबा या व्याघ्रप्रकल्पांना जोडणारे या जिल्ह्यातील जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. आपली जमीन जाईल या धास्तीने आदिवासींनी विरोध केला आणि जुलै महिन्यात त्या हुकुमाला स्थगिती मिळाली. वाघाची भीती तर कल्पनेतली नव्हेच. २०२२ च्या नोव्हेंबरात वांकिडी मंडळातच एका वृद्ध आदिवासी शेतकऱ्याचा वाघाने बळी घेतला.

अशा माणसापुढे जाऊन ‘निसर्ग जपा’ असा उपदेश करणे व्यर्थ आहे. त्याला निसर्ग नको आहे असे नाही. निसर्गाच्या नावाने येणारा हुकूम नको आहे. त्याचा भार कोण वाहणार, हा त्याचा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

ते उत्तर महाराष्ट्रातच एके ठिकाणी सापडते. मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर १९४८ साली भारतात आले आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी खेड्यांत त्यांनी आयुष्य वेचले. त्यांच्या प्रयत्नांतून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे त्यातले एक गाव. तेथे १९९६ ते २००१ या काळात काम झाले. गावाने आधी श्रमदान करून आपली निष्ठा दाखवावी, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, अशी अट होती. पण अटींबरोबर समजूतही होती. प्रत्येक शेतात धनी व धनीण यांना बरोबर घेऊन, बांध कोठे घालावा, झाड कोठे लावावे, हे त्यांच्याच विचाराने ठरे. मेंढ्यांवर पोट असणाऱ्या धनगरांचे काय, हा प्रश्न निघाला, तेव्हा सारे कुरण एकदम बंद केले नाही; टप्प्याटप्प्याने केले, म्हणजे मेंढ्यांना चरावयास काही रान मोकळे राहिले. मजुरी कामाच्या रूपाने गावातच मिळाली. उजाड टेकड्यांवर गवत आले, विहिरींना पाणी आले.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, परंतु वांकिडीच्या धुऱ्याला ते नेमके लागू पडते. आफ्रिकेतील नायजर देशात वाळवंटाच्या कडेला टोनी रिनाउडो हे ऑस्ट्रेलियन मिशनरी झाडे लावीत होते. ती बहुतेक मरत. १९८३ च्या सुमारास त्यांच्या ध्यानी आले, की शेतात दिसणारी झुडपे ही झुडपे नसून तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधे आहेत. मुळे खोल गेलेलीच होती. फुटलेल्या कोंबांपैकी चार-पाच जोमदार राखावयाचे आणि उरलेले छाटावयाचे, एवढेच काम. छाटलेले सरपण घरी जाई. रोपाचा खर्च नाही, पाणी घालणे नाही. झाड राखणाऱ्यालाच ते तोडण्याचा हक्क आहे असे लोकांना वाटू लागले, तेव्हा ही रीत गावोगाव पसरली आणि पुढील दोन-तीन दशकांत सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे पुन्हा उभी राहिली.

वांकिडीच्या धुऱ्यांवरही पळस व टेंभुर्णी यांचे बुंधे दर पावसाळ्यात फुटतात आणि दरवर्षी कोयत्याखाली जातात. रान येथून गेलेले नाही. ते मातीखाली वाट पाहत आहे.

मग साह्य कसे असावे? पहिली गोष्ट, हक्काची खात्री. शेतातल्या झाडाचा धनी शेतकरी आहे, हे सरकारी कागदावर स्वच्छ लिहिलेले असावे आणि परवाना गावाजवळ, थोड्या दिवसांत मिळावा. दुसरी, साह्य एका वर्षाचे नसावे. महाराष्ट्रातील फळबाग योजनेत तीन वर्षे अनुदान मिळते आणि ठरावीक प्रमाणात झाडे जगली तरच पुढला हप्ता येतो. खड्डे मोजून पैसे देण्यापेक्षा जगलेली झाडे मोजून देणे केव्हाही शहाणपणाचे. तिसरी, गुराख्याचा विचार. सुगी संपली की गुरे मोकळी सुटतात. एकट्या शेतकऱ्याने कोंब राखले, तरी ते शेजाऱ्याच्या शेळीच्या तोंडी जातात. म्हणून राखणीचा ठराव साऱ्या गावाचा हवा, आणि त्यात चराईसाठी मोकळी जागा ठेवलेली हवी. चौथी, वाघाने वा रानडुकराने केलेल्या नुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी. रानाशेजारी राहण्याची किंमत एकट्या गरिबाने मोजू नये.

यास पैसा कोठून यावा, असे कोणी विचारील. कोस्टा रिका या लहानशा देशाने १९९६ साली कायदा करून इंधनावरील कराचा काही भाग राने राखणाऱ्या जमीनमालकांस देण्यास आरंभ केला. गाडी चालविणारा धूर करतो, रान राखणारा हवा शुद्ध ठेवतो. तेव्हा पहिल्याने दुसऱ्याला काही द्यावे, हा त्यातला साधा न्याय. तो आपल्याकडे समजण्यास कठीण जाऊ नये.

शहरातील माणसाला स्वच्छ पाणी हवे, वेळेवर पाऊस हवा, वाघही जगावयास हवा. या सर्व इच्छा योग्य आहेत. त्यांची पूर्ती मात्र वांकिडीसारख्या गावातील कपाशीच्या शेतकऱ्याच्या कोयत्यावर अवलंबून आहे. पुढल्या पावसाळ्यात धुऱ्यावर पळसाचा कोंब फुटेल, तेव्हा तो कोयता क्षणभर थांबेल की नाही, हे त्याच्या मनाच्या मोठेपणावर सोडून देणे अन्यायाचे होईल. आपण त्याच्या भाराला हात लावतो की नाही, यावर ते ठरणार आहे.