नाव कुणाचं छापायचं



आमच्या कॉलेजचं वार्तापत्र म्हणजे झेरॉक्स काढलेली चार पानं. शंभर प्रती, खर्च वर्गणीतून. पहिल्या अंकात कविता, क्रीडादिन, सगळे खूश. दुसऱ्या अंकात बातमी दिली : शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून हॉल तिकीट अडवलं. मुलीचं नाव छापलं. तिला न विचारता. मला वाटलं, नावाशिवाय बातमीत दम नाही.

दोन दिवसांत हॉल तिकिटं सगळ्यांना मिळाली. तिच्या वडिलांना मात्र ऑफिसात बोलावलं. मजुरी बुडवून आले, हात जोडून उभे राहिले. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे सरकारी नोकरीत. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं होतं. हे मी नंतर वाचलं.

तिसऱ्या अंकापासून ज्याची बातमी त्याला आधी मजकूर वाचून दाखवायचो. तो म्हणाला तर त्याचं नाव गाळायचं, खाली माझं टाकायचं. प्राचार्य विचारायचे, “कोण हा विद्यार्थी?” मी म्हणायचो, “सर, बातमी खोटी असेल तर सांगा, पुढच्या अंकात तसं छापतो.”