थंडी धावणाऱ्याला नव्हे, थांबणाऱ्याला
(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



तिळगुळाच्या कार्यक्रमात धावण्यावर भाषण म्हणजे लाडू खाणाऱ्याला व्यायामाची आठवण करून देण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. पण विषय आपल्याच घरचा आहे. येत्या डिसेंबरात मंडळाच्या गटाने रेड रोडवरच्या ‘आनंद रन’मध्ये मराठी वेशात भाग घ्यावा अशी सूचना आली आहे. फेटे, नऊवारी, लेझीम असा सगळा थाट. सूचना सर्वांना आवडली, पण तिच्या मागोमाग दुसरी एक सूचना आली. थंडी असते, पहाटेची वेळ असते, तेव्हा पासष्टीपुढच्या मंडळींना नेऊ नये. या दुसऱ्या सूचनेबद्दल मला आज बोलायचे आहे.

आधी थोडी माहिती, कारण आपल्यापैकी काहीजण बदली होऊन नुकतेच कोलकात्यात आले आहेत. दर डिसेंबरात इथे ‘टाटा स्टील वर्ल्ड २५ के कोलकाता’ ही पंचवीस किलोमीटरची शर्यत होते. सुरुवात २०१४ साली झाली. मॅरेथॉन ४२ किलोमीटरची, अर्धमॅरेथॉन २१ ची, पण २५ किलोमीटरची मोठी शर्यत जगात फार ठिकाणी होत नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी केनियाच्या डॅनियल एबेन्योने हे अंतर १ तास ११ मिनिटे १३ सेकंदांत आणि इथिओपियाच्या सुतुमे केबेडेने १ तास १८ मिनिटे ४७ सेकंदांत पार केले. या अंतरावरच्या त्या जगातल्या सर्वोत्तम वेळा ठरल्या, आणि त्या नोंदल्या गेल्या आपल्या मैदानाच्या कडेने! त्याच सकाळी हौशी लोकांची चार-पाच किलोमीटरची ‘आनंद रन’ असते आणि ज्येष्ठ नागरिकांची व दिव्यांगांची वेगळी छोटी दौडही असते. मुंबईकरांना २००४ पासूनच्या मॅरेथॉनमधली ‘ड्रीम रन’ आठवत असेल. तिथे जसे कोणी शिवाजी महाराज होऊन येते, कोणी झाड होऊन येते, तसाच हा प्रकार. हिवाळ्यात कोलकाता पोलिसांचीही ‘सेफ ड्राइव्ह, सेव्ह लाइफ’ असा संदेश घेऊन अर्धमॅरेथॉन झालेली आहे. म्हणजे काही एक विषय घेऊन रस्त्यावर उतरायचे, ही या शहराला नवी गोष्ट नाही.

आता थंडीकडे येऊ. इथल्या जानेवारीचे सरासरी किमान तापमान १४ अंशांच्या आसपास असते. एखाद्या वर्षी उत्तरेचा वारा जोर धरतो आणि पारा १०-११ पर्यंत उतरतो. नाशिक-निफाडकडच्या माणसाला याचे काय कौतुक? त्यामुळे आपण मराठी मंडळी इथे आल्या आल्या एक गोष्ट हमखास करतो. पंधरा अंशांत माकडटोपी आणि माफलर गुंडाळून मॉर्निंग वॉकला निघालेले बंगाली बाबू पाहून हसतो. ‘ठांडा लेगे जाबे’ हे वाक्य तर आपल्याकडे विनोद म्हणूनच सांगितले जाते. माझे म्हणणे असे आहे की, निदान या दौडीपुरते तरी बाबूंचे बरोबर आहे. कसे ते सांगतो.

धावताना आपण जी शक्ती खर्च करतो, तिचा साधारण चौथाच हिस्सा पाय पुढे टाकण्याच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे धावणारा माणूस ही चालती-बोलती शेगडीच. म्हणून लांब पल्ल्याच्या धावपटूला ५ ते १२ अंशांची हवा मानवते, त्यात वेळ चांगली येते. एबेन्योसारख्यांना आपली थंडी म्हणजे वरदानच. पण आपली ‘आनंद रन’ पाहा. रविवारी पहाटे मेट्रो नसते, रस्ते लवकर बंद होतात, म्हणून लोक अंधारातच येऊन पोचतात. मग तपासणी, रांग, फोटो, पुन्हा रांग. तासभर मैदानातल्या दवात उभे राहायचे. मग चाळीस-पन्नास मिनिटे चालत, नाचत, लेझीम खेळत जायचे. घाम येतो. मग शेवटी परत उभे राहायचे, पदकासाठी, खाऊच्या डब्यासाठी, चुकलेल्या माणसांची वाट पाहत. शेगडी विझलेली आणि अंगावर ओले कपडे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते. १२ अंशांत कोरड्या स्वेटरमध्ये बसलेल्या माणसाला काही होत नाही, पण त्याच १२ अंशांत ओल्या सुती कपड्यात वाऱ्याला उभे राहिलेल्या सत्तरीच्या माणसाचे हाल होऊ शकतात. थंडी धावणाऱ्याला गाठत नाही, थांबणाऱ्याला गाठते.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका हिवाळी सकाळी मैदानाजवळच्या एका छोट्या दौडीत आमच्या ओळखीचे एक काका धोतर-सदरा आणि फेटा अशा वेशात होते. वय अडुसष्ट. दौड झकास पूर्ण केली. नंतर फुटपाथच्या कडेला टेकले. सोबतच्यांना वाटले दमले असतील, बसू द्यावे. शेजारून जाणारे एक वृद्ध बंगाली गृहस्थ थांबले. त्यांनी काकांना नाव विचारले. काकांना ते नीट सांगता येईना, जीभ अडखळत होती. हाताला सदऱ्याची गुंडी सापडत नव्हती. त्या गृहस्थांनी दुसरे काही विचारले नाही. काकांचा भिजलेला सदरा काढायला लावला, स्वतःची शाल त्यांच्याभोवती लपेटली, स्वतःच्या डोक्यावरची माकडटोपी त्यांना घातली, आणि मग डॉक्टरांना बोलावून आणायला माणूस पाठवला. गरम गोड चहा पोटात गेल्यावर अर्ध्या तासाने काका बोलायला लागले. टोपी परत द्यायला गेले तर ते गृहस्थ निघून गेले होते. काका आजही थंडीत तीच टोपी घालतात, आणि कोणी हसले तर त्याला ही गोष्ट ऐकवतात.

शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की वैद्यकशास्त्र त्याला धोक्याची अवस्था मानते. तिची खूण लक्षात ठेवा. आधी कुडकुडणे, मग बोलणे अडखळणे, हातातून वस्तू पडणे, चालीत झोक जाणे. आणि सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्या माणसाला स्वतःला ते कळत नाही. ‘मला काही झालेले नाही’ असे तो ठासून सांगतो. म्हणून हे दुसऱ्यानेच ओळखावे लागते.

थंडी किती टोकाला जाऊ शकते याची दोन उदाहरणे देतो. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली शंभर किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण धावत होते. बहुतेकांच्या अंगावर हाफपँट आणि पातळ बनियन. अचानक गारांचा पाऊस आणि वादळी वारा सुटला. वारा अडवणारे जाकीट जवळ बाळगण्याची सक्ती नव्हती, अनेकांची जाकिटे पुढच्या ठाण्यावरच्या पिशवीत होती. २१ जण दगावले, आणि त्यांत देशातले नामांकित धावपटूही होते. तिथे झू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने आपल्या गुहेत शेकोटी पेटवून सहाजणांचे प्राण वाचवले. कोलकाता म्हणजे गान्सू नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. पण कपडे पिशवीत आणि माणूस वाऱ्यात, हे चित्र आपल्याकडेही दिसते.

दुसरे उदाहरण बोस्टनचे, १६ एप्रिल २०१८. तापमान सुमारे ३ अंश, समोरून वारा आणि मुसळधार पाऊस. मोठमोठे व्यावसायिक धावपटू शर्यत सोडून गेले. पुरुषांत जिंकला जपानचा युकी कावाउची. हा तेव्हा सरकारी शाळेच्या कार्यालयात पूर्णवेळ नोकरी करत होता, म्हणजे आपल्यासारखाच नोकरदार! स्त्रियांत जिंकली डेझिरे लिंडेन. तिची गोष्ट जास्त मोलाची आहे. सुरुवातीला तिला वाटले की आज आपले काही खरे नाही, तर निदान सोबतच्यांना मदत करू. तिची सहधावक शलेन फ्लॅनागन वाटेत प्रसाधनगृहाकडे वळली, तेव्हा लिंडेन तिच्यासाठी मंदावली, तिला घेऊन पुन्हा घोळक्यात आणले. आणि शेवटी पहिली तीच आली. ३३ वर्षांनी बोस्टनला अमेरिकन स्त्री जिंकली होती.

तर मंडळी, आता आपल्या प्रश्नाकडे. ज्येष्ठांना न्यावे की नाही? माझे मत स्पष्ट आहे, न्यावे. लेझीमचे पाच प्रकार आपल्यात ज्यांना येतात ते सगळे साठीच्या पुढचे आहेत. त्यांना घरी बसवून आपण फेटे बांधून फोटो काढायचे, तर त्या वेशाला अर्थ काय उरला? पण न्यायचे तर तयारीने न्यावे. नुसता उत्साह पुरणार नाही. माझ्या सूचना अशा आहेत.

पहिली, वेशाच्या आतल्या कपड्यांबद्दल. सुती बनियन घाम धरून ठेवते. नऊवारीच्या आणि सदऱ्याच्या आत घाम लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे किंवा पातळ लोकरीचे बनियन घालावे. फेटा चांगलाच, डोके-कान झाकतो. मात्र तोंड झाकणारे मुखवटे नकोत, श्वास कोंडतो. लेझीमची लोखंडी साखळी आणि दांडा गार पडतात, तेव्हा हातमोजे हवेत.

दुसरी, वाट पाहण्याच्या वेळेबद्दल. प्रत्येकाने घरातला एक जुना स्वेटर घालून यावे. सुटण्याच्या वेळी तो काढून आपल्याच दोन कार्यकर्त्यांकडे द्यावा. त्या दोघांनी धावायचे नाही. त्यांनी प्रत्येकाच्या नावाची पिशवी घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे ठरल्या जागी उभे राहायचे. पिशवीत कोरडा सदरा, शाल आणि, हसू नका, माकडटोपी. थर्मासमध्ये गरम चहा. पदक नंतर, फोटो नंतर, आधी कोरडे कपडे.

तिसरी, जोड्या. एक ज्येष्ठ, एक तरुण. तरुणाने आपली वेळ काढायची नाही, जोडीदाराच्या चालीने चालायचे. ज्याला वेळ काढायची असेल त्याने खुशाल २५ किलोमीटरला नाव द्यावे. आणि गटातला शेवटचा माणूस पोचेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही.

चौथी, तब्येतीबद्दल. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच नाव द्यावे. हिवाळ्यात गार हवा जमिनीलगत अडकून राहते आणि धूरही तिच्याबरोबर अडकतो, म्हणून ज्या दिवशी हवा फारच खराब असेल त्या दिवशी दमेकऱ्यांनी टाळ्या वाजवायलाच यावे. थंडीत तहान कळत नाही, तेव्हा तहान नसली तरी घोट घोट पाणी प्यावे. आणि ‘ऊब यावी म्हणून थोडीशी’ हा प्रकार नको. मद्याने ऊब आल्याचा भास होतो, प्रत्यक्षात अंगातली उष्णता आणखी बाहेर पडते.

हाजरा रोडपासून रेड रोड काही लांब नाही, आणि चार-पाच किलोमीटर तर आपण विसर्जन मिरवणुकीत नाचत जातो. मिरवणुकीतही आपण मूर्तीपुढे नाचणाऱ्यांचे कौतुक करतो, पण मागे राहिलेल्या आजी-आजोबांना हात धरून कोण घेऊन आले, हेही मंडळ लक्षात ठेवते. या दौडीतही तसेच व्हावे. पिशव्या सांभाळणारे दोन कार्यकर्ते मला आज हवे आहेत. नावे देण्यासाठी वही सचिवांकडे ठेवली आहे. पहिले नाव मी माझे लिहिले आहे, दुसऱ्या नावाची जागा मोकळी आहे.

तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि डिसेंबरात माकडटोपी विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!