चंद्रप्रभेचे सिंह

काशीचा यात्रेकरू बहुधा घाटांवरूनच परततो. दक्षिणेस सुमारे ७० किलोमीटरांवर, विंध्याच्या डोंगररांगेत, चंद्रप्रभा अभयारण्य आहे. पूर्वी ते वाराणसी जिल्ह्यातच होते. राजदरी, देवदरी हे धबधबे पाहून पाहुणे तृप्त होतात. पण या अरण्याची खरी कथा निराळी. १९५७ साली गीरचा एक सिंह व दोन सिंहिणी येथे आणून सोडल्या गेल्या. १९६५पर्यंत त्यांची संख्या ११ झाली. पुढे काही वर्षांतच एकही उरला नाही. जेमतेम ७८ चौरस किलोमीटरांचे रान सिंहांच्या कुटुंबाला कसे पुरावे? पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये गीरच्या सिंहांसाठी मध्यप्रदेशातील कुनोला मान्यता दिली. तेथे २०२२ मध्ये आले, ते आफ्रिकेतील चित्ते.