डॉ. मॅक्स युवे : पटावरचे अध्यापक

बुद्धिबळाच्या जगज्जेत्यांत डॉ. मॅक्स युवे यांचे नाव बहुधा घाईने उच्चारले जाते. अलेखाइन मद्याच्या आहारी गेला होता म्हणून १९३५ मध्ये हा डच गणितशिक्षक जिंकला, असे सांगून त्यांची बोळवण होते. हा न्याय नव्हे. ३० डावांच्या त्या सामन्यात युवे यांनी ९ डाव जिंकले, ८ गमावले. झांडव्होर्ट येथील २६ व्या डावात त्यांनी एक मोहरे देऊन तीन प्यादी घेतली आणि मध्यभागातील प्याद्यांची फळी अशी पुढे रेटली की अलेखाइनसारखा योद्धा हतबल झाला. असा डाव काही प्रतिस्पर्ध्याच्या पेल्यातून निघत नाही!

अलेखाइनने कापाब्लांकाला परतीचा सामना कधीच दिला नाही. युवे यांनी मात्र अलेखाइनला तो १९३७ मध्ये दिला आणि जगज्जेतेपद गमावले.

युवे यांचा खरा पिंड अध्यापकाचा. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ते मुलींच्या शाळेत गणित शिकवीत. पुस्तके लिहिली ती सत्तरांहून अधिक. वॉल्टर मेडन यांच्यासमवेत सिद्ध केलेल्या एका ग्रंथात तर उस्ताद आणि हौशी खेळाडू यांचेच डाव घेतले आहेत. थोरामोठ्यांच्या झुंजी वाचून नवशिक्या दिपतो, पण आपले कोठे चुकते हे त्याला उमगत नाही. येथे हौशी खेळाडूची दुबळी खेळी दुबळी का, आणि तिचा लाभ कसा उठवावा, हे युवे एकेका चालीगणिक उलगडून दाखवतात.