शेवाळाची कॅप्सूल घेऊ का?

मागच्या आठवड्यात आईने व्हॉट्सअ‍ॅपवर एका कॅप्सूलचा फोटो पाठवला. ‘समुद्री शेवाळ + प्रोबायोटिक, इम्युनिटी वाढवा!’ खाली प्रश्न, "घेऊ का रे?" आई थायरॉईडची गोळी घेते, म्हणून उत्तर देण्याआधी नीट वाचायला बसलो.

मूळ कल्पना खोटी नाही. तपकिरी समुद्री शेवाळात अल्जिनेट, लॅमिनारिन, फ्युकॉयडन अशा साखरेच्या लांबलचक साखळ्या असतात. आपली पाचकद्रव्यं त्या तोडू शकत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले काही जिवाणू त्या खातात. यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होऊ शकतात. ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराला पोसतं आणि रोगप्रतिकारक पेशींना आवरून धरायला मदत करतं. म्हणजे प्रोबायोटिक हा जिवाणू आणि शेवाळ हा त्याचा जेवणाचा डबा. दोन्ही एकत्र दिलं की सिनबायोटिक.

पण डबा उघडता यायला हवा ना! सुशीला गुंडाळतात ते शेवाळ म्हणजे नोरी. त्यातली पॉर्फिरन नावाची साखळी तोडणारं एन्झाइम फ्रान्समधल्या रोस्कॉफच्या संशोधकांना एका समुद्री जिवाणूत सापडलं. 2010 साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं, की तशीच जनुकं जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंत आहेत. उत्तर अमेरिकेतल्या ज्यांचे नमुने तपासले, त्यांच्यात ती नव्हती. पिढ्यान्पिढ्या नोरीबरोबर समुद्री जिवाणू पोटात गेले आणि त्यांचा कोड तिथल्या जिवाणूंनी कॉपी-पेस्ट केला, असं त्यांचं म्हणणं.

म्हणून डबीवर बघायचं, कुठलं शेवाळ आणि कुठला जिवाणू? तो हे शेवाळ खातो का? माणसांवर तपासलंय का? कारण यातले बरेचसे प्रयोग अजून प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच झालेत. आणि इम्युनिटी म्हणजे फोनचा व्हॉल्यूम नाही, वाढवत नेला की झालं. ती भलतीकडे वळली की स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते.

शिवाय आयोडिन. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम पुरतं. कोंबूसारख्या शेवाळाच्या एका सुक्या ग्रॅममध्ये हजाराहून जास्त असू शकतं. थायरॉईडवाल्यांसाठी हे धोक्याचं.

आईला लिहिलं, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको." लगेच उत्तर आलं, "अरे, मागवून झाली. परत कशी करायची?"

तुमच्याही घरी अशी डबी आली असेल, तर आज तिच्या मागचं लेबल वाचा. भेटू पुढच्या भागात!