टायटॅनियमची सायकल ‘आयुष्यभर टिकते’, म्हणजे नेमकं काय टिकतं?

मागच्या भागात आपण टायर आणि हवेचा दाब यावर बोललो होतो. आज फ्रेमवर बोलू, आणि तेही एकाच धातूच्या फ्रेमवर. टायटॅनियम.

रविवारी सकाळी ग्रुपबरोबर बाहेर पडत असाल तर ही सायकल तुम्ही पाहिली असेल. चहाच्या टपरीवर कार्बनच्या रंगीबेरंगी सायकली भिंतीला टेकून उभ्या असतात आणि त्यात एक करडी, रंगच न दिलेली, दुधाच्या कॅनसारखी दिसणारी. लोक जाऊन तिला टिचकी मारतात. का मारतात माहीत नाही, पण मारतात. मग मालकाला विचारतात, “कितीला पडली?” आणि मालक आकडा टाळून म्हणतो, “अरे, आयुष्यभराची आहे ना.”

मला आज या वाक्याबद्दल बोलायचंय. मी सॉफ्टवेअरवाला आहे, मेटलर्जीवाला नाही. बीटेकला मटेरियल सायन्सचा एक पेपर होता, तेवढीच ओळख. पण चार वर्षं टायटॅनियमची रोड बाइक चालवतोय, सेकंड-हँड घेतलेली, साधारण पंधरा-वीस वर्षं जुनी फ्रेम. आणि गेल्या वर्षी तिच्या निमित्ताने भोसरी एमआयडीसीत जे बघायला मिळालं, त्यानंतर मी ते वाक्य जरा जपून वापरतो. तिकडे येतो. आधी धातू.

थोडे आकडे सहन करा. स्टीलची घनता साधारण 7.8, टायटॅनियमची 4.5, ॲल्युमिनियमची 2.7. आता ताठपणा, म्हणजे जोर लावल्यावर किती कमी वाकतं ते. स्टील 200 गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियम 110, ॲल्युमिनियम 70. भागाकार करून बघा, तिन्हींचं उत्तर जवळजवळ सारखंच येतं. म्हणजे वजनाच्या मानाने ताठपणा बघितला तर टायटॅनियममध्ये जादू काहीच नाही. जे वेगळं आहे ते असं की वजनाच्या मानाने ते ताकदवान आहे, आणि गंजत नाही. शिवाय ठरावीक ताणाच्या खाली ठेवलं तर लाखो वेळा हलक्याने वाकूनही ते थकत नाही. स्टीलचंही तसंच. ॲल्युमिनियमला मात्र अशी सुरक्षित मर्यादा नसते, म्हणून ॲल्युमिनियमच्या फ्रेमच्या नळ्या जाडजूड आणि ताठ बनवतात, कमीत कमी वाकाव्यात म्हणून.

सायकलला जो मिश्रधातू वापरतात त्यात 3 टक्के ॲल्युमिनियम आणि 2.5 टक्के व्हॅनेडियम असतं. हा सायकलसाठी जन्मलेला नाही. विमानातल्या हायड्रॉलिक नळ्यांसाठी तो वापरला जायचा, आणि त्यामुळे त्याच्या चांगल्या, बिनजोड नळ्या आधीपासून बनत होत्या. सायकलवाल्यांना त्या आयत्या मिळाल्या. त्याआधी 1970च्या दशकात प्रयत्न झाले होते. 1973ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या लुईस ओकान्याने त्या शर्यतीत ब्रिटनच्या स्पीडवेलची टायटॅनियम फ्रेमही वापरली होती. अमेरिकेत टेलिडाइनने शुद्ध टायटॅनियमची फ्रेम काढली, पण शुद्ध टायटॅनियम या कामाला मऊ पडतं. गाडी खरी रुळावर आली 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात, मर्लिन आणि लाइटस्पीड या अमेरिकन कंपन्यांनी विमानाच्या नळ्यांचा मिश्रधातू घेतला तेव्हा.

एक आडवळण. टायटॅनियम दुर्मीळ आहे म्हणून महाग, असं बरेच जण समजतात. अजिबात नाही. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मालगुंड, काळबादेवीच्या बाजूला जी काळी वाळू पायाला लागते, तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे टायटॅनियमचंच खनिज. आपण गणपतीपुळ्याला जाऊन चपला झटकून येतो ती हीच. महाग पडतं ते त्या वाळूचा धातू करणं. ऑक्सिजन टायटॅनियमला सोडायला तयार नसतो. आधी त्याचं क्लोराइड करा, मग मॅग्नेशियमने ते तोडा, मग निर्वातात वितळवा. प्रत्येक पायरीला पैसे. आणि ही ऑक्सिजनची ओढ पुढे वेल्डिंगच्या वेळीही आडवी येते, तेव्हा ती लक्षात ठेवा.

आता “राइड फील”. टायटॅनियमवाले याबद्दल जे बोलतात ते ऐकून नवख्याला वाटावं की सायकल नसून पालखी आहे. माझं मत सरळ आहे. त्रिकोणी फ्रेम उभ्या दिशेने फारच थोडी दबते, मिलिमीटरचा छोटा भाग. 28चा टायर त्याच्या कितीतरी पट दबतो. सीटपोस्ट, हँडलबार टेप, टायरची हवा हे सगळं धातूच्या आधी येतं. पुढचा फोर्क तर बहुतेक टायटॅनियम सायकलींना कार्बनचाच असतो. मग फरक जाणवतच नाही का? जाणवतो. बारीक खरबरीत डांबरावर एक प्रकारचा शांतपणा येतो. पण तो नळीचा व्यास, जाडी आणि बनवणाऱ्याची अक्कल यातून येतो. त्यासाठी लाख-दोन लाख घालवू नका. आधी दोन चांगले टायर घ्या.

मला ही सायकल ज्यासाठी आवडते ते फार साधं आहे. पुण्यातला पावसाळा. जून ते सप्टेंबर मी थांबत नाही. ताम्हिणीतून भिजून यायचं, नळीने धुवायची, उलटी करून पाणी काढायचं, झालं. माझ्या एका मित्राची सुंदर स्टील फ्रेम दोन पावसाळ्यांत सीट ट्यूबच्या आतून तपकिरी झाली. इथे तसली काळजी नाही. रंगच नाही तर रंग उडणार कुठून? ओरखडा आला तर भांडी घासायची हिरवी घासणी घ्यायची आणि मूळ रेषा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवायची. ओरखडा गायब. माझ्या आईला हा भाग फार आवडतो. म्हणते, “एवढी महागडी सायकल आणि देखभाल पातेल्याची.”

पण सगळंच सोडून द्यायचं नाही. टायटॅनियम स्वतः गंजत नाही, शेजाऱ्याला मात्र गंजवतं. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट आत ठेवा, घाम आणि पाणी जाऊ द्या, वर्षभराने तो चिकटून बसतो आणि मग काढताना रडवतो. टायटॅनियमचे आटेही एकमेकांना चावतात. त्यामुळे प्रत्येक आट्याला आणि सीटपोस्टला अँटी-सीझ लावायचं, आणि वर्षातून दोनदा सगळं सोडवून पुन्हा बसवायचं. कार्बनचा सीटपोस्ट असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट.

तर त्या हिरव्या घासणीनेच मला ती रेघ दाखवली. मागच्या पावसाळ्यानंतर सायकल धूत होतो. उजवा चेनस्टे जिथे बॉटम ब्रॅकेटच्या शेलला जोडला जातो, तिथे वेल्डिंगला लागून एक केसाएवढी रेघ. घासली. गेली नाही. नखाला लागली. पोटात गोळा आला. कारण आदल्याच रविवारी मी कात्रजचा जुना घाट साठच्या वेगाने उतरलो होतो.

लाइफटाइम वॉरंटी? असते. बहुतेक ठिकाणी ती पहिल्या मालकाला असते, मी दुसरा. आणि माझी फ्रेम ज्यांनी बनवली, त्यांनी हे काम कधीच बंद केलंय. म्हणजे धातू आयुष्यभराचा, कंपनी नाही. आमच्या क्षेत्रात ज्यांनी बंद पडलेल्या लायब्ररीवर चालणारा कोड सांभाळलाय, त्यांना ही भावना नीट कळेल.

दोन सायकल दुकानांत विचारलं. एक म्हणाला भिंतीवर लावा, शोभेची होईल. दुसरा म्हणाला परदेशी पाठवा. मग ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांनी आठवण करून दिली की टायटॅनियम काय फक्त सायकलीत असतं का? केमिकल प्लांटमधले हीट एक्स्चेंजर टायटॅनियमचे असतात, आणि ते जोडणारी माणसं भोसरीत बसलेली आहेत.

गेलो. एक छोटा शेड, बाहेर आर्गॉनची सिलिंडरं. काका पन्नाशी ओलांडलेले. फ्रेम हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि आधी फुटलेली जागा बघितलीच नाही. बाकीचे सांधे बघत बसले. सगळे. एकेक करून. मग म्हणाले, “ज्याने हे मारलंय त्याचा हात बसलेला होता, साहेब.” मग रेघेकडे आले. लाल डाय मारला, पुसला, वर पांढरा डेव्हलपर. पाच मिनिटांत लाल रेघ उमटली, मला दिसली होती त्याच्या दुप्पट लांब. “वेल्डिंग फुटलेलं नाही, वेल्डिंगच्या शेजारी फुटलंय. तापून कडक झालेली जागा असते ती.”

पुढचं काम मी उभं राहून बघितलं. वेल्डिंग स्वतः मिनिटभराचं. तयारी दोन तासांची. कार्बाइडच्या बरने भेग पूर्ण खणून काढली, तळाशी पुन्हा डाय मारून खात्री केली. ॲसिटोनने पुसलं, त्यानंतर उघड्या हाताने कोणाला शिवू दिलं नाही. शेलमध्ये आट्यांचं मापाचं बूच बसवलं, उष्णतेने गोलाई जाऊ नये म्हणून. हेड ट्यूब, सीट ट्यूब, सगळी तोंडं टेपने बंद करून एका बाजूने आतमध्ये आर्गॉन सोडला आणि दुसऱ्या बाजूला बारीक भोक ठेवलं, हवा बाहेर पडायला. कारण तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन पितं आणि ठिसूळ होतं. बाहेरून झाकलं आणि आतून झाकलं नाही, तर सांधा वरून सुरेख दिसतो आणि आतून बिस्किट असतो.

मग टॉर्च लावला. ज्योत विझल्यावरही हात हलवला नाही, गॅस तसाच जागेवर धरून ठेवला, धातू निवेपर्यंत. शेवटी हात काढला तेव्हा सांधा चांदीसारखा होता, कडेला फिकट गवती छटा. रंग हाच निकाल. चांदी किंवा गवती असेल तर ठीक, निळा-जांभळा आला तर शंका, पांढरी भुकटी दिसली तर कापून फेका. मी गॅरंटीचं विचारलं. काका म्हणाले, “गॅसची देतो. तुम्ही गाडी कशी हाणता त्याची मी कशी देणार?” दोन हजार रुपये घेतले.

मी त्या सायकलवर बसायचं की नाही, हा निर्णय दोन हजारांचा नव्हता. घरी बायकोने सरळ विचारलं, “उतारावर सुटली तर?” मी आधी महिनाभर फक्त सपाट रस्त्यावर चालवली, दर आठवड्याला त्या जागी डाय मारला. स्वस्त किट मिळतं, तीन छोटे कॅन. मग छोटे चढ. मग बोपदेव, ब्रेक धरून. चेनस्टे गेला तरी सहसा आधी आवाज करतो, ढिलेपणा जाणवतो. हीच भेग डाउन ट्यूबला हेड ट्यूबजवळ असती तर मी ती फ्रेम खरंच भिंतीवर लावली असती. तिथे सुटली तर आवाज ऐकायला वेळ मिळत नाही.

आता ज्यांना जुनी टायटॅनियम फ्रेम घ्यायचीय त्यांच्यासाठी. धातू बघू नका, मापं बघा. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, 68 मिलिमीटरचा साधा इंग्लिश असेल तर डोळे मिटून पुढे जा, त्याचे पार्ट कायम मिळत आलेत. सीटपोस्ट 27.2चा असेल तर उत्तम. मागच्या चाकाची जागा 130 असेल तर ती रिम ब्रेकवाली, आणि नवीन गिअरसेट आता बहुतेक डिस्कसाठीच निघतात हे धरून चला. माझ्या फ्रेममध्ये 25चा टायर बसतो, 28चा घासतो. पाच-सात वर्षांनी चांगली रिम ब्रेकची चाकं शोधावी लागतील, म्हणून मी एक जोडी आत्ताच घेऊन माळ्यावर ठेवलीय. बायकोला माहीत आहे. आईला नाही. नवीन घेणार असाल तर डिस्क, 142चा थ्रू-ॲक्सल, किमान 32चा टायर बसेल अशी जागा, आणि केबल शक्यतो बाहेरून. आणि विकणाऱ्याला विचारा की प्रत्येक सांध्याजवळचा क्लोज-अप फोटो पाठवा. जो काचकूच करेल त्याच्याकडून घेऊ नका.

मी अजून दर महिन्याला ती जागा बघतो. मागच्या आठवड्यात काकांकडे एका मित्राची फ्रेम घेऊन गेलो होतो. माझी बाहेर उभी होती. त्यांनी जाता जाता आपल्या सांध्यावरून अंगठा फिरवला, काही बोलले नाहीत, आणि आत जाऊन मित्राच्या फ्रेमचे बाकीचे सांधे बघायला बसले.

पुढच्या भागात चाकं. स्पोक घरी कसे ताणायचे ते बघू. भेटू.