बाळंतपणाची रजा कुणाच्या खिशातून?



आपल्या खंडाळा तालुक्यात नोकरी करणारी सून ही आता नवलाई राहिलेली नाही. शिरवळ, केसुर्डीच्या कंपन्यांत गावोगावच्या मुली कामाला जातात, लग्नानंतरही जातात. दिवस गेले की मात्र घरात विषय निघतो, आता नोकरीचं काय? आणि उत्तर बहुधा ठरलेलं असतं : दे सोडून.

सोडू नका. कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरलेलं असलं की ती मिळते, त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. दोन मुलं असतील तर पुढच्या खेपेला 12 आठवडे. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. रोजंदारीवरच्या बाईलाही हा हक्क आहे; दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या कामगार बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2000 सालीच तसा निकाल दिलाय.

मग अडतं कुठं? पैशावर. सहा महिन्यांचा पगार मालकानं द्यायचा, शिवाय बदली माणूस ठेवायचा. म्हणून तर मुलाखतीतच विचारतात, लग्न कधी करणार? ठेकेदाराला तेवढंही विचारावं लागत नाही. करार संपला म्हटलं, की झालं.

हा भार कुणी उचलायचा, यावर 1928 साली मुंबई कायदेमंडळात चर्चा झाली होती. कारखान्यांतल्या बायकांना प्रसूती भत्ता देण्याचं विधेयक होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. (साताऱ्याच्या शाळेत शिकलेले, म्हणजे तसे आपल्याच जिल्ह्याचे.) त्यांचं म्हणणं असं, की आईला विश्रांती मिळण्यात देशाचं हित आहे, तेव्हा मुख्य भार सरकारनं उचलावा, पण बायांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, म्हणून तोही मोकळा सुटू नये. 1929 मध्ये कायदा झाला. भत्त्याचा बोजा मात्र मालकावरच पडला, आणि आजही पुष्कळसा तिथंच आहे.

यातून काढलेली वाट म्हणजे ईएसआय, कामगारांची राज्य विमा योजना. महिना 21 हजारांपर्यंत पगार असेल तर मालक सव्वातीन टक्के आणि कामगार पाऊण टक्का भरतो, आणि रजेचा पगार विमा महामंडळ देतं. बाई बाळंत झाली म्हणून एकट्या मालकाला झळ बसत नाही. माझ्या मते कायद्याच्या धाकापेक्षा हीच व्यवस्था बाईची नोकरी जास्त टिकवेल.

याच्या बाहेर राहिलेल्यांचं काय? ऊसतोडीला आलेली बाई एक दिवस घरी राहिली तर मुकादम खाडा धरतो, उलट पैसे कापतो. तिला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5 हजार, तेही कागद जुळले तर. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला 15 दिवसांची रजा असते; कंपनीतल्या बापाला कायदा एक दिवसही देत नाही. सासऱ्यांना अर्धांगवायू झाला तर त्यांच्या सेवेसाठी घरी बसणाऱ्या सुनेच्या रजेबद्दल तर बोलायलाच नको.

तेव्हा कंपनीत जाणाऱ्या आयाबहिणींनो, पगाराच्या स्लिपवर ईएसआयचा नंबर आहे का, ते आज बघा. पैसे कापले जातात पण पुढं भरले जातात का, हे ठेकेदाराला विचारा. दिवस गेल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आधीच्या वर्षभरात 70 दिवसांची वर्गणी जमा असावी लागते.